निर्माल्याला कचरा का म्हणत नाहीत?

अनंत चतुर्दशीच्या दुपारी मुठेच्या घाटावर एक कॉलेजातली मुलगी कात्री घेऊन उभी होती. समोर निर्माल्य कलश, पायाशी दोन टोपल्या, एक प्लास्टिकची पिशवी. गणपती घेऊन येणारे लोक आरती उरकून तिच्याकडे हार द्यायचे. ती तो हातात उलगडायची, गाठीजवळ कात्री चालवायची आणि धागा एका झटक्यात ओढून काढायची. झेंडू टोपलीत, धागा पिशवीत. हारात मधेच गुंफलेला जरीचा गोंडा पिशवीत, दुर्वांची जुडी टोपलीत, जुडीला बांधलेलं रबरबँड पिशवीत. तोंडाने एकीकडे चालूच : "आजी, यात कापराची डबी नाही ना? काका, केवडा वेगळा द्या, त्याच्याभोवती प्लास्टिक आहे."

मी कुतूहलाने विचारलं, "धागा राहिला तर काय होतं गं?"

"नायलॉनचा असतो, काका. फुलं बारीक करायच्या यंत्रात गेला की पात्यांना गुंडाळतो. मग यंत्र बंद, आणि कुणीतरी ब्लेडने कापत बसायचं."

एवढ्या मोठ्या उत्सवाचा कचरा कमी करायचा प्रश्न आणि तो अडतो कुठे, तर हाराच्या धाग्यात! मला त्याची गंमत वाटली. त्या संध्याकाळी मी तिथंच रेंगाळलो, घरी येऊन थोडी आकडेमोड केली, आणि रोज पाहिलेल्या चार गोष्टी पहिल्यांदा पाहिल्यासारख्या दिसल्या.

आधी शब्दाकडे पाहू. देवाला वाहून उतरवलेल्या फुलांना आपण कचरा म्हणत नाही, निर्माल्य म्हणतो. ते केरात टाकत नाही, पायाखाली येऊ देत नाही, वेगळं ठेवतो. आज महापालिका घसा कोरडा करून सांगते की कचऱ्याचं वर्गीकरण उगमापाशीच करा. ते आपल्या देवघरात कितीतरी पिढ्या चालू आहे, आणि त्यासाठी कुणाला दंड करावा लागलेला नाही. नुसतं एक वेगळं नाव पुरलं.

अडचण पुढच्या पावलाची होती. निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडायचं, ही रीत. घरटी चार फुलं आणि गावाला एक नदी होती तोवर त्यात काही बिघडत नव्हतं. १८९३ साली पुण्यात गणेशोत्सव सार्वजनिक झाला, पुढे शहरं फुगली, आणि तीच चार फुलं लाखो घरांतून एकाच दिवशी एकाच पात्रात उतरू लागली. पाण्यात गेलेल्या फुलाचं नक्की होतं काय?

ते कुजतं. कुजणं म्हणजे जिवाणूंनी फूल खाणं, आणि खाल्लेलं पचवायला त्यांना आपल्यासारखाच प्राणवायू लागतो. तो पाण्यात विरघळलेला असतो, पण किती? आपल्याकडच्या हवामानात एका लिटरमध्ये जेमतेम आठ मिलिग्रॅम. मासे त्यावरच जगतात. आता अर्धा किलोचा झेंडूचा हार घ्या. फुलात बहुतेक पाणीच असतं. सुका ऐवज पन्नास ग्रॅम धरू. तो पूर्ण कुजायला ढोबळमानाने तेवढाच, म्हणजे पन्नास ग्रॅम प्राणवायू लागतो. भागाकार केला की उत्तर येतं सहा हजार लिटर. एका हाराला पचवायला एक छोटा टँकर भरेल एवढ्या पाण्यातला सगळाच्या सगळा प्राणवायू! नदी हवेतून नवा प्राणवायू घेत असते, म्हणून ती लगेच गुदमरत नाही. पण संथ पात्रात, पुलाच्या खांबाशी हारांचा ढीग अडकला की दोन दिवसांत तिथलं पाणी काळं का पडतं आणि वास का मारतं, ते या भागाकारात आहे. प्राणवायू संपला की त्याच्याशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात, आणि त्यांच्या कामाला वास असतो.

आता तोच हार जमिनीवर ठेवा. हवेच्या एका लिटरमध्ये २८० मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो, पाण्याच्या पस्तीसपट. म्हणजे हार पचायला साधारण १८० लिटर हवा पुरते. ती घरातल्या लहान फ्रिजमध्ये मावेल. फूल तेच, जिवाणूंचं पोटही तेच. पाण्यात टँकर लागतो, जमिनीवर फ्रिज पुरतो. निर्माल्य नदीत नको, खतात हवं, हे सांगायला मला तरी यापेक्षा सोपं कारण सापडलेलं नाही.

खताचा ढीगही पाहण्यासारखी चीज आहे. फुलं ओली आणि नत्राने समृद्ध. नुसती रचली तर चिखल होतो आणि हवा आत शिरत नाही. म्हणून त्यात सुका पाला, लाकडाचा भुसा किंवा नारळाचा काथ्या मिसळतात. जिवाणूंच्या जेवणात नत्राच्या एका भागाला कर्बाचे पंचवीस-तीस भाग असले की त्यांची भट्टी पेटते. भट्टी हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाहीये. चांगल्या जमलेल्या ढिगाच्या पोटात तापमान ५५ ते ६५ अंशांवर जातं. वरून पावसाने गार लागणाऱ्या ढिगात हात खुपसला तर चटका बसतो. ही उष्णता बाहेरून कुणी दिलेली नसते, अब्जावधी सूक्ष्मजीवांच्या श्वासोच्छ्वासाची ती ऊब असते. तिच्यात रोगजंतू मरतात, तणांचं बी मरतं. मग ढीग उलथायचा, हवा द्यायची, पुन्हा तापू द्यायचा. काही आठवड्यांनी झेंडू, दुर्वा, जास्वंद, पत्री यांतलं काहीच ओळखू येत नाही. उरते काळी, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारी भुकटी. एकच वस्तू मात्र ढिगातून जशी गेली तशी बाहेर येते : तो नायलॉनचा धागा.

फुलांचा प्रश्न सुटला तरी मूर्ती राहते. आणि इथे रसायनशास्त्र आपल्याला एक सुंदर कोडं घालतं. शाडूची मूर्ती आणि प्लास्टरची मूर्ती शेजारी ठेवली, दोन्ही रंगवलेल्या, दोन्ही कोरड्या, तर भल्याभल्यांना फरक कळत नाही. हौदात सोडल्या की एक काही तासांत बसते, दुसरी कित्येक दिवस तशीच राहते. दोन्ही पाणी घालूनच केलेल्या, मग असं का?

शाडू म्हणजे अतिशय बारीक चिकणमाती. तिचे कण पापडासारखे चपटे असतात, आणि त्यांच्यामध्ये शिरलेल्या पाण्यामुळे ते एकमेकांवर घसरतात. म्हणून तिला सोंड काढता येते. मूर्ती वाळली की हे पाणी उडून जातं आणि कण एकमेकांना नुसते टेकून राहतात. पुन्हा पाण्यात ठेवली की पाणी त्यांच्यामध्ये शिरतं आणि मूर्ती मऊ होऊन बसते. भट्टीत भाजलेली नसल्यामुळे तिच्यात कायमचा बदल काहीच झालेला नसतो. बादलीच्या तळाशी बसलेला गाळ वाळवला की तोच शाडू पुढच्या वर्षी पुन्हा मळता येतो. त्याच मातीतून कितीही वेळा बाप्पा.

प्लास्टर ऑफ पॅरिसची गोष्ट उलटी. जिप्सम नावाचा खनिज दगड दीडशे अंशांच्या आसपास तापवला की त्याच्या स्फटिकांतलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यात पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत ओढून घेते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि काही मिनिटांत दगड तयार. साच्यातून काढलेली मूर्ती हाताला कोरडी ठणठणीत लागते, पण तिच्या वजनाचा पाचवा हिस्सा पाणीच असतो. पाच किलोच्या मूर्तीत जवळजवळ एक लिटर! शाडूच्या मूर्तीत पाणी पाहुणा म्हणून येतं आणि निघून जातं. प्लास्टरच्या मूर्तीत ते घरजावई होऊन राहतं.

मग ही मूर्ती पाण्यात विरघळतच नाही का? विरघळते, पण एका लिटरमध्ये जेमतेम अडीच ग्रॅम. वीस लिटरच्या बादलीत पन्नास ग्रॅम मूर्ती उतरली की पाण्याचं पोट भरतं. पाच किलोची मूर्ती संपवायला अशा शंभर बादल्या लागतील, त्याही पाणी ढवळत राहिलं तर. तलावाच्या तळाशी मूर्तीला चिकटून असलेलं पाणी तृप्त होऊन तिथंच थांबतं, म्हणून महिन्यांनंतरही हात, मुकुट, सोंड ओळखू येतात.

कोडं सुटलं ते पुण्यातच. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी बेकरीच्या फडताळातला एक पदार्थ उचलला : अमोनियम बायकार्बोनेट. बिस्किटं फुगवायला वापरतात तोच 'अमोनिया'. तो पाण्यात विरघळवून त्यात प्लास्टरची मूर्ती ठेवली की आत जोड्यांची अदलाबदल होते. मूर्तीतलं कॅल्शियम आपला जुना जोडीदार सल्फेट सोडतं आणि कार्बोनेटकडे जातं, कारण कॅल्शियम कार्बोनेट जिप्समहून शंभर पटींपेक्षाही कमी विरघळतं. एकदा जुळलं की ते तळाशी जाऊन बसतं, परत यायचं नाव घेत नाही. त्यामुळे पाण्याचं पोट भरतच नाही. ते मूर्तीतून पुढचं कॅल्शियम मागत राहतं. बुडबुडे येतात, अमोनियाचा झणका नाकात जातो, अधूनमधून ढवळावं लागतं. लहान मूर्तीची गोष्ट साधारण दोन दिवसांत संपते. पावडर लागते मूर्तीच्या वजनाइतकीच.

मागे काय उरतं ते पाहा. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे शंखशिंपल्यांत असतो तो पदार्थ. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, जे शेतकरी दुकानातून पोत्याने विकत आणतो ते खत. भरपूर पाणी घालून पातळ केलं की झाडांना चालतं. पुणे महापालिकेने ही पावडर गणेशोत्सवात घरोघरच्या विसर्जनासाठी फुकट वाटलेली आहे. उरतो तो वरचा रंग. त्यात जड धातू असले तर ते कुठलीच बादली पचवत नाही, म्हणून रंग निवडताना जपायला हवं.

पेण-हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यांत प्लास्टर का शिरलं, तेही लक्षात घ्यायला हवं. मूर्ती हलकी होते, साच्यात झटपट निघते, ट्रकमधून लांब जाताना भंगत नाही, आणि शाडूपेक्षा स्वस्त पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली, त्यावरून प्रकरणं कोर्टात गेली. कायदा काय म्हणतो ते कोर्ट ठरवील. बादलीतल्या रसायनाला त्याची वाट पाहावी लागत नाही.

मूर्तीमागे मखर आणि मखरामागे महाप्रसाद. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने थर्माकोलच्या ताटांवर आणि सजावटीवर बंदी आणली, तेव्हा अनेकांना प्रश्न पडला की या पांढऱ्याशुभ्र, हलक्या वस्तूचं एवढं काय वाकडं? उत्तर तिच्या हलकेपणातच आहे. पॉलिस्टायरिनचे मणी वाफेने फुगवून एकमेकांना चिकटवले की थर्माकोल होतं. त्यात पंचाण्णव टक्क्यांहून अधिक हवा असते. एक घनमीटर पाणी हजार किलो भरतं, एक घनमीटर थर्माकोल पंधरा-वीस किलो. भंगारवाला माल किलोवर घेतो. टेम्पोभर थर्माकोल नेणं म्हणजे टेम्पोभर हवेचं डिझेल जाळणं, म्हणून तो हात लावत नाही. त्याला आमटीचं तेल लागलेलं असेल तर विषयच संपला.

याउलट पत्रावळ घ्या. पळसाला पाने तीनच, ही म्हण आपण निराशेने वापरतो, पण जेवणाच्या पानाला पळसच का निवडला गेला, हे एकदा पान उलटसुलट करून पाहावं. वरच्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका, तो पसरत नाही, गोल होऊन घरंगळतो. पानाच्या कातडीवर मेणचट पापुद्रा असतो, केसाहूनही कितीतरी पातळ. झाडाने तो आमटीसाठी केलेला नाही. उन्हाने आपलं पाणी पिऊन टाकू नये म्हणून केलेला आहे. आतलं पाणी बाहेर जाऊ न देणारा पापुद्रा बाहेरची आमटीही आत येऊ देत नाही. काड्यांनी टाचलेली पानं, ना डिंक ना लेप. जेवण झालं की उष्ट्यासकट पत्रावळ आणि द्रोण एकाच ढिगात जातात, कारण अन्न, पान आणि काडी तिन्ही एकाच जिवाणूचं जेवण. कोकणात पोफळीची विरी गळून पडते, ती भिजवून गरम साच्यात दाबली की ताट होतं; तिथेही तेच.

आणि ते चंदेरी कागदी ताट? ते पत्रावळीचं सोंग घेतं, पण जन्मतःच मिसळलेलं असतं. कागदावर चकचकीत पापुद्रा चिकटवलेला. खताच्या ढिगात पापुद्रा कुजत नाही, रद्दीत कागद चालत नाही. दोन चांगल्या वस्तू कायमच्या चिकटवून एक निकामी वस्तू केली.

इथपर्यंत आलो तेव्हा कात्रीवाली मुलगी पुन्हा डोळ्यांपुढे आली. कचरा नावाचा पदार्थ जगात नाही. फूल आहे, माती आहे, धागा आहे, अन्न आहे, पत्रा आहे. ते एकमेकांत मिसळले की कचरा होतो. मिसळायला क्षण पुरतो, वेगळं करायला दुपार जाते. तांदळात मोहरी सांडली तर काय होतं ते स्वयंपाकघरात वावरलेल्या कुणालाही माहीत आहे. त्या कामाला आपल्याकडे 'निवडणं' म्हणतात. पुण्यातल्या कचरावेचकांनी हे कधीच ओळखलं होतं. १९९३ साली त्यांनी संघटना बांधली, तिचं नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. त्या नावात कचरा हा शब्दच नाही! ज्यांचे हात दिवसभर त्यातच, त्यांनी प्रत्येक वस्तू तिच्या नावाने हाक मारली. पुढे याच बायकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद विसर्जनाच्या दिवसांत घाटांवर निर्माल्य गोळा करताना दिसू लागल्या.

सार्वजनिक कार्यक्रमाला घराच्या मानाने एक मोठी सवलत असते. घराच्या केरात शंभर तऱ्हा, कुठून काय आलं सांगता येत नाही. उत्सवाच्या मांडवात मात्र काय शिरणार ते आयोजक आधी ठरवतात. जे कमानीतून आत येतं तेच बाहेर जातं. आत पत्रावळ आणली तर बाहेर खत जातं. आत चंदेरी ताट आणलं तर बाहेर डोकेदुखी जाते. शेवटच्या रात्री झाडू घेऊन जेवढं काम होतं, त्याहून जास्त काम महिनाभर आधी खरेदीच्या यादीवर पेनने होतं.

आणि न वाढता वाचतं ते अन्न वेगळंच. बुफेत पुन्हा रांगेत उभं राहायला नको म्हणून माणूस ताट शिगोशीग भरून घेतो. पंगतीत वाढपी समोर येऊन "थोडी जिलबी?" विचारतो आणि आपण पानावर आडवा हात धरतो. तो आडवा हात म्हणजे वाया न गेलेली जिलबी.

गावोगावी देवळाच्या कोठीत गावकीची भांडी असत, अजूनही काही ठिकाणी आहेत. पातेली, पराती, वाट्या, तांब्ये. कार्य निघालं की मोजून न्यायची, घासून मोजून परत आणायची. प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं. भांडी बाजारात छोटं यंत्र घेऊन बसणारा माणूस किर्रर्र आवाज करत आजही नाव घालून देतो : अमक्याच्या लग्नाप्रीत्यर्थ, तमक्याच्या स्मरणार्थ. नाव असलेली वाटी शेजारच्या लग्नात हरवली तरी महिन्याभराने घरी परत येते. नाव नसलेला प्लास्टिकचा पेला ओठांपासून दूर झाला की त्याला कुणी ओळखत नाही.

घाटावर रात्री साडेअकराच्या सुमारास गर्दी ओसरली. निर्माल्याचा ढीग माझ्या छातीपर्यंत आला होता, पिवळा आणि केशरी, आणि इतक्यातच त्याच्यातून ऊब येऊ लागली होती. मुलीने कात्री पुसून सॅकमध्ये टाकली. बोटं झेंडूने पिवळी झाली होती. दिवसभर तिच्या तोंडी नावंच नावं होती : दुर्वा, जास्वंद, केवडा, पत्री, नारळ, वस्त्रमाळ. पायाशी ती प्लास्टिकची पिशवी होती, अर्धीमुर्धी भरलेली. धागे, जरी, रबरबँड, कुठल्या तरी वेष्टनाचे तुकडे, सगळं एकमेकांत गुंतलेलं.

"यात काय आहे गं?" मी विचारलं.

तिने पिशवीला गाठ मारली आणि जांभई आवरत म्हणाली, "काही नाही, काका. कचरा."